सतरा नंबरचा चंद्र

“एकच राहिलाय,” मालक खुर्ची ढकलत ढकलत ताईच्या टेबलापर्यंत आले आणि त्यांनी तिच्या स्क्रीनवर बोट टेकवलं. “दोन लाख अकरा हजार फोन नव्या अपडेटवर आले, आणि हा एक शहाणा अजून जुनंच ॲप धरून बसलाय. गुरुवारी संध्याकाळी पाचला जुना सर्व्हर बंद करायचाय आपल्याला. याच्या एकट्यासाठी थांबायचं का?”

“थांबू नका. पण आहे कोण ते तरी बघू,” ताई म्हणाली.

“बघून काय करणार? सत्कार?”

“रोज सकाळी सात वाजता सर्व्हरला हाक मारतो हा फोन. ग्रहांच्या त्या दिवसाच्या जागा मागून घेतो आणि गप्प बसतो. चार वर्षं झाली, एक दिवसाचा खाडा नाही.”

“विसरला असेल कुणीतरी. पडला असेल कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये.”

“ड्रॉवरमधला फोन चार वर्षं चार्ज कोण करतं?”

मालक खुर्ची तशीच ढकलत परत गेले आणि जाता जाता म्हणाले, “गुरुवार, पाच वाजता. तुमच्या भक्ताला कळवा.”

चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ही कंपनी होती. मालक, ग्रहांचे पृष्ठभाग रंगवणारा एक चित्रकार आणि ताई, एवढीच माणसं. खालच्या दुकानात नव्या चष्म्याची परीक्षा म्हणून गिऱ्हाइकं मोठमोठ्याने अक्षरं वाचायची, ती वर ऐकू यायची. अकरा वर्षं ताईने त्या अक्षरांच्या तालावर आकाश चालवलं होतं. मोबाइलवर बोट फिरवलं की ग्रहांमधून हिंडता यावं, कुठल्याही चंद्राजवळ थांबावं, वाटलं तर काळ भरभर पळवावा, असं ते ॲप. लोकांना वाटायचं, असलं काही एकदा बनवलं की झालं. पण ते घर झाडण्यासारखं होतं. फोन बदलायचे, पडद्यांचे आकार बदलायचे, कंपन्यांचे नियम बदलायचे, आणि दर खेपेला ताई सगळी सूर्यमाला खाली उतरवून, धुऊन-पुसून पुन्हा वर टांगायची. नवरा पाहुण्यांना सांगायचा, “आमच्या हिच्याकडे चांगले दीडशे चंद्र आहेत. स्वयंपाकघरातला दिवा गेला तर मात्र मला बोलावते.”

ताईचा एक नेम होता. सकाळी कामावर आल्यावर ॲप वापरणाऱ्यांच्या निदान एका पत्राला उत्तर दिल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. अकरा वर्षांत तो मोडला नव्हता. याचा तिला अभिमान होता असं नाही म्हणता येणार, पण समाधान नक्की होतं.

त्या सकाळी तिने त्या एका फोनचा क्रमांक जुन्या पत्रांत शोधला. दुसऱ्या मिनिटाला सापडला. चार वर्षांपूर्वीचं पत्र होतं.

‘स. न. वि. वि. आपल्या ॲपमधील वलयवाल्या ग्रहाचा सतरा क्रमांकाचा चंद्र दर फेरीस किंचित बाहेर सरकतो, असे आढळते. पट्टीने मोजलेले अंतर खाली देत आहे. हा यंत्रातील दोष आहे की मुळातच तसे आहे, कृपया कळवावे. मी वजनमापे तपासनीस होतो, आता निवृत्त आहे. घाई नाही.’

त्याखाली तिचं उत्तर होतं, त्याच सकाळचं. ‘आपल्या सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार. कृपया ॲप बंद करून पुन्हा चालू करावे. अडचण दूर होईल.’

हे वाक्य तिने लिहिलंसुद्धा नव्हतं. ते तयार करून ठेवलेलं होतं, नुसतं एक बटण दाबायचं. अशा किती सकाळी ते दाबलं असेल? आणि मग चहा घ्यायला उठली असेल.

त्याच्याही खाली आणखी एक पत्र होतं. तिचं उत्तर गेल्याबरोबर पहिलं पत्र ‘निकाली’ या कप्प्यात पडलं होतं, आणि त्याला जोडून आलेलं हे दुसरं तिच्यासमोर कधी आलंच नव्हतं.

‘आपले उत्तर मिळाले, आभारी आहे. बंद करून पाहिले. चंद्र मूळ जागी आला. पण मग दोष किती आहे, हे कळणार कसे? म्हणून आजपासून बंद करीत नाही. पाहत राहतो.’

ताईने ते दोनदा वाचलं. खाली दुकानात कुणीतरी शेवटच्या ओळीवर अडखळत होतं.

मग तिने अकरा वर्षांपूर्वीचा स्वतःचाच कोड उघडला. तेव्हाचे फोन अशक्त होते. मोठ्या ग्रहांना आणि नावाजलेल्या चंद्रांना तिने चांगलं, वजनदार गणित दिलं होतं. किरकोळ चंद्रांना हलकं. पुढची जागा काढायची म्हणजे आत्ता ज्या दिशेला तोंड आहे त्या दिशेला एक छोटं सरळ पाऊल टाकायचं, मग जरा वळायचं, पुन्हा सरळ पाऊल. गोल ओट्याभोवती सरळ पावलांनी चालणारा माणूस दर पावलाला कणभर बाहेर पडतो, तसा तो चंद्र बाहेर पडत होता. दिवसभरात दिसणार नाही, आठवड्यातही नाही. आणि एवढा वेळ कोण ॲप उघडं ठेवतं? बंद करून उघडलं की सगळे चंद्र मूळ तक्त्यातल्या आपापल्या जागी हजर. त्यामुळे ना कुणाला दोष दिसला, ना तिला.

तरुणपणी तिला हेही सुचलं होतं की बंद करताना प्रत्येकाची जागा लिहून ठेवावी आणि उघडताना वाचावी. लिहून ठेवायचा भाग तिने केला होता. दर मिनिटाला फोन इमानदारीत सगळं टिपून ठेवत होता. वाचायच्या भागाच्या जागी एकच शब्द होता. ‘नंतर.’

म्हणजे जगातल्या सगळ्या फोनांत तो चंद्र जागच्या जागी होता. फक्त एका फोनात तो चार वर्षं तिच्या चुकीचं बोट धरून चालत चालत कुठे गेला होता, देव जाणे. गुरुवारी सर्व्हर बंद झाला की सकाळी सातच्या हाकेला उत्तर मिळणार नव्हतं, ॲप थांबणार होतं, आणि त्या माणसाची चार वर्षं एका क्षणात तक्त्यातल्या जागी परत जाणार होती.

त्या दिवशी ताईने चहा घेतला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

पत्रातल्या क्रमांकावर फोन केला तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला.

“कोण? चंद्रवाले? अगं बाई! तुम्ही खरंच आहात होय? मला वाटायचं, माझा भाऊ नुसता कागदावर लिहीत बसतो. या, या. उद्याच या. आणि येताना त्या फोनला घेऊन जायची पिशवी आणा.”

मंगळवारी दुपारी ताई त्या घरी गेली. तिसरा मजला, अरुंद जिना, दारात पायपुसणं अगदी काटकोनात. दार उघडलं ते फोनवरच्याच बाईंनी. त्या तपासनिसांच्या थोरल्या बहीण, सगळे त्यांना अक्का म्हणत. तपासनीस खिडकीपाशी टेबलाला लागून उभे होते. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. नमस्कार करून त्यांनी आधी विचारलं, “जिना चढताना हाताने कठडा धरलात का? तिसऱ्या पायरीपाशी सैल आहे.”

“बसू तरी दे तिला,” अक्का म्हणाल्या. “आल्या आल्या कठडे!”

टेबलावर लाकडी घोडीत फोन उभा होता. वायर भिंतीपर्यंत टाचणीने ताणून बसवलेली. स्क्रीनवर वलयवाला ग्रह, त्याभोवती ग्रहाच्या ओढीची हद्द दाखवणारं तुटक रेषेचं मोठं वर्तुळ, आणि त्या रेषेच्या अगदी आतल्या अंगाला एक पांढरा ठिपका. ताई बघतच राहिली. हा ठिपका तिने ग्रहाच्या जवळ ठेवला होता. इतक्या लांब तिच्या आकाशात कुठलाच चंद्र कधी गेला नव्हता.

“चार वर्षं हा घरात पाहुण्यासारखा बसलाय,” अक्का सांगू लागल्या. “त्याला पुसायचं नाही, हलवायचं नाही, जवळ शिंकायचं नाही. मी एकदा झाडताना वायर काढली तर हा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.”

“दोन दिवस,” तपासनीस म्हणाले.

“बघा! हेसुद्धा मोजलंय.”

तपासनिसांनी नोंदवही पुढे केली. एकीला दोन जोडलेल्या होत्या. तारीख, वेळ, अंतर, बारीक सरळ अक्षर. पहिल्या वर्षी दर फेरीला एक नोंद, गेलं वर्षभर रोज एक. पूर्वी चंद्राला एका फेरीला नऊ दिवस लागत, आता तो त्याच्या दुपटीवर गेला होता. शेवटच्या पानावर खाली एक तारीख पेन्सिलने लिहून भोवती चौकोन केला होता.

“त्या दिवशी रेषा ओलांडेल,” ते म्हणाले. “आजपासून एकोणीस दिवस. माझा अंदाज.”

ताईने सांगून टाकलं. “काका, ही चूक आहे. खऱ्या आकाशात तो चंद्र असा जात नाही. गणित मीच हलकं केलंय. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुमचं पत्र नीट वाचलंसुद्धा नव्हतं.”

तिला वाटलं होतं, म्हातारा खचेल. चार वर्षं डोळ्यांत तेल घालून बघितलेलं सगळं खोटं निघालं, असं कुणी तोंडावर सांगितलं तर कुणीही खचेल.

तपासनिसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “ते मला दुसऱ्याच महिन्यात कळलं,” ते शांतपणे म्हणाले. “काटा चुकतोय हे कळणं सोपं असतं हो. छत्तीस वर्षं मी तेच केलं. चुकतोय म्हटलं की शिक्का नाही, दुकानदार काटा बदलतो, मी पुढच्या दुकानात. एकदासुद्धा असं झालं नाही की बसून बघितलं, हा चुकत चुकत जातो तरी कुठवर. वेळच नसायचा. रांग लागलेली असायची.”

“मग काळ भरभर पळवून बघायचा की! ॲपमध्ये सोय आहे. पाच मिनिटांत कळलं असतं.”

“केलं होतं एका दुसऱ्या फोनवर. पण भरभर पळवलं की तो वेगळा चुकतो. जास्त चुकतो. म्हणजे तो चंद्र तो नव्हेच.”

खरं होतं. काळ पळवला की पावलं लांब पडतात, आणि पावलं लांब पडली की चूकही मोठी होते. आत न पाहता, नुसती पट्टी लावून या माणसाने ते ओळखलं होतं. अकरा वर्षांत तिच्या कामाकडे कुणी इतक्या बारकाईने पाहिलं नव्हतं. तिने स्वतःही नाही.

मग तिने गुरुवारचं सांगितलं. सर्व्हर, सात वाजताची हाक, सगळं. अक्कांचा चेहरा पडला. फोनला एवढ्या शिव्या घालणाऱ्या अक्का एकदम म्हणाल्या, “अगं, एकोणीस दिवसच तर राहिलेत. सांग ना तुझ्या मालकांना.”

“सांगते. पण ते ऐकतील असं वाटत नाही. जुना सर्व्हर म्हणजे मोडक्या कडीचं दार आहे, उघडं ठेवणं बरं नाही.”

“बरोबर आहे त्यांचं,” तपासनीस म्हणाले. “एकासाठी दार उघडं ठेवू नये.” आणि त्यांनी नोंदवही मिटली. मिटताना कोपरे जुळवून मिटली.

त्या कोपरे जुळवण्याकडे पाहून ताईच्या तोंडून निघून गेलं, “मी याच फोनपुरतं एक ॲप करून आणू का? सर्व्हरला हाक न मारणारं. जुनं बंद केलं तरी फोनने जागा लिहून ठेवलेल्या आहेत. फक्त वाचायचं राहिलंय.”

“वाचता येतील?”

“यायला हव्यात. कधी वाचून बघितलं नाही कुणी. जुन्याच्या जागी नवं बसवताना काही बिघडलं, तर मात्र सगळं जाईल.”

तपासनिसांनी ठिपक्याकडे पाहिलं. “गुरुवारी तसंही जाणारच आहे,” ते म्हणाले. “करा. पण एक अट. गणिताला हात लावायचा नाही. दुरुस्त करून तपासला, तर तो तपासलेला काटा नव्हे.”

“एक गोष्ट सांगायला हवी,” ताई जरा ओशाळली. “रेषेबाहेर गेलेलं काहीही दाखवायचं नाही, अशी एक ओळ मी तेव्हा लिहून ठेवली होती. तो रेषा ओलांडेल आणि तिथेच पुसला जाईल. ती ओळ तरी काढू का?”

“चालण्यात फरक पडतो त्यामुळे?”

“नाही. नुसता दिसण्यात.”

“मग तो पडदा झाला. पडदा काढा. काट्याला हात नको.”

*

बुधवारी मालकांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “दोन लाख अकरा हजार लोकांचं पुढचं अपडेट उद्यावर आलंय, आणि तुम्ही एका माणसासाठी चुकीचं ॲप बनवताय. मुद्दाम चुकीचं!”

“जेवणाच्या सुट्टीत करते.”

“जेवून करा. आणि हो, ती चूक नव्यातून काढलीत ना?”

“काढली. त्यांच्या नोंदी पडताळूनच काढली.”

रेषेबाहेरचं लपवणारी ती ओळ काढायला कोड उघडला तेव्हा ताईला मोह झाला होता. हद्दीबाहेर गेलेल्या चंद्राचं पुढे काय होतं, हे खालच्याच ओळींत लिहिलेलं असणार. लिहिलेलं असेल किंवा लिहायचं राहिलेलं असेल. अकरा वर्षांपूर्वीचं काही तिला आठवत नव्हतं. तो सरळ जाईल, की सूर्य त्याला ओढून घेईल, की सगळंच गोठून उभं राहील? दोन मिनिटांचं वाचन. तिने डाव्या हाताचा पंजा आडवा स्क्रीनवर ठेवला, खालचं झाकलं, उजव्या हाताने ती एक ओळ खोडली आणि पान मिटलं. त्यांना कळायच्या आधी ते आपल्याला कळू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

चित्रकार बघत होता. “ताई, डोळ्यांना त्रास होतोय का? खाली दाखवून या.”

“काही नाही रे. उन्हाची तिरीप येतेय.”

गुरुवारी दुपारी दोन वाजता ती पुन्हा तिसऱ्या मजल्यावर होती. कठडा पक्का झाला होता. तपासनिसांनी पट्टी लावून अंतर घेतलं, मोठ्याने वाचलं, अक्कांनी ते कागदावर लिहिलं. त्यांचंही हस्ताक्षर सरळच होतं.

ताईने वायर जोडली. चार वर्षं चार्जवर राहून फोनची पाठ जराशी फुगली होती, ते तिने पाहिलं. तिने मनातल्या मनात हात जोडले. मग जुनं ॲप बंद केलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्या घोडीतला पडदा काळा झाला.

“गेला?” अक्कांनी विचारलं.

“थांब जरा,” तपासनीस म्हणाले. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

एक बारीक पट्टा हळूहळू भरत गेला. मध्येच थांबला. पुन्हा सरकला. मग ग्रह आला, वलयं आली, तुटक रेषा आली. ठिपका नव्हता.

ताईने ग्रहाजवळ पाहिलं, तक्त्यातल्या जागेवर पाहिलं. तिथेही नव्हता.

“तो बघा,” तपासनीस म्हणाले. सगळ्यात शेवटी, काठावर, पांढरा कण उमटला. त्यांनी पट्टी लावली, भिंग धरलं, वाचलं. तोच आकडा. त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा तोच. “फरक नाही,” ते म्हणाले, आणि खुर्चीत बसले. चार वर्षांत मोजायच्या वेळेला ते कधी बसले नसावेत, कारण अक्का म्हणाल्या, “बसलास की रे तू!”

संध्याकाळी पाच वाजता मालकांनी जुना सर्व्हर बंद केला. नव्या अपडेटबरोबर ‘काय बदललं’ अशी एक यादी जाते, ती कुणी वाचत नाही. तिच्यात अकराव्या ओळीवर ताईने लिहिलं होतं, ‘सतरा क्रमांकाच्या चंद्राची चाल दुरुस्त केली. दोष एका निवृत्त तपासनिसांनी चार वर्षे मोजून दाखवला.’ मालकांनी वाचलं, काहीतरी बोलणार होते, मग म्हणाले, “‘माननीय’ नाही लावलंत?” ताईने लावलं.

*

पेन्सिलच्या चौकोनातला दिवस आला आणि चंद्र रेषेच्या आतच राहिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी सकाळी तपासनिसांचा फोन आला. “दोन दिवसांनी चुकलो मी,” त्यांच्या आवाजात जराही दुःख नव्हतं. “आज टेकलाय. येता?”

ताईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. “चंद्राला स्टेशनवर सोडायला चाललात का?” मालकांनी विचारलं. मग तिच्या मागे जिन्यापर्यंत आले. “गेल्यावर काय होतं ते मलाही सांगा.”

पडद्यावर काही घडताना दिसत नव्हतंच. ठिपका तासाला जेमतेम केसभर सरकत होता. तपासनिसांनी काचेवर एक पारदर्शक कागद चिकटवला होता आणि ठिपक्याच्या जागी बारीक पेनने टिंब दिलं होतं. रेषेच्या आतली आदल्या आठवड्याची टिंबंही होती. ती पट्टीच्या कडेला लागत नव्हती, सगळी ग्रहाकडे वाकलेली.

अकरा वाजता ठिपका रेषेवर होता. एक वाजता भिंगातून त्याच्या आणि रेषेच्या मधे काळ्याची एक फट दिसली. अक्कांनीही भिंगातून पाहिलं. “सुटला गं बाई,” त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांड्यांचा आवाज करू लागल्या.

तीन वाजता रेषेबाहेरचं पहिलं टिंब पडलं. साडेचारला दुसरं, सहाला तिसरं. मधल्या वेळात ताईने विचारलं, आयुष्यात सगळ्यात मोठा चुकलेला काटा कुठला होता. तपासनिसांनी सांगितलं, “माझ्याच ऑफिसातला. तेरा वर्षं लागली कळायला.”

सहाचं टिंब वाळल्यावर त्यांनी पट्टी लावली. तिन्ही टिंबं पट्टीच्या कडेला बिलगून बसली.

“सरळ,” ते म्हणाले. “कुणी ओढत नाही त्याला आता.” त्यांनी मान वळवली. “आणि आता हा कुठे जाणार?”

अकरा वर्षं रोज लोकांना उत्तरं देणाऱ्या ताईने सांगितलं, “मला माहीत नाही.”

तपासनिसांना ते उत्तर आवडलं असावं. त्यांनी नोंदवही ओढून शेवटची नोंद लिहिली आणि लिहिता लिहिता वाचली. “हद्दीबाहेर मार्ग सरळ. पुढील मार्ग कर्त्यांसही ठाऊक नाही.” मग म्हणाले, “उद्या सकाळी बंद करतो. पाठ फार फुगलीय फोनची. अक्काला शब्द दिलाय मी. घरात म्हातारं माणूस आहे, आग नको.”

“म्हातारं कोण?” आतून आवाज आला.

“मग पुढचं कळणार नाही आपल्याला,” ताई म्हणाली.

“नाही कळणार.” साडेसात होत आले तेव्हा त्यांनी पेन तिच्याकडे दिलं. “साडेसात वाजतायत. शेवटचं टिंब तुम्ही द्या. तुमचाच आहे तो.”

ताईने पेन धरलं, वाकली, भिंगातून ठिपक्यावर टोक नेलं आणि टेकवलं. तपासनिसांनी पट्टी लावली. तीन टिंबं कडेला होती. तिचं चौथं कणभर बाजूला पडलं होतं.

“हात हलला माझा,” ती म्हणाली. “पुसून पुन्हा देते.”

“छे छे. पुसायचं नसतं, बाजूला लिहायचं.” त्यांनी तिच्या हातून पेन घेतलं आणि त्या टिंबासमोर सावकाश लिहिलं, ‘मोजणाऱ्याचा हात हलला.’ मग वही फिरवून तिच्यापुढे ठेवली आणि त्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

ताईने पूर्ण सही केली, आद्याक्षरांची नाही. शाई वाळेपर्यंत दोघंही वहीवर वाकून बसले. बाजूला घोडीत तो ठिपका चालला होता, जिथे चित्रकाराने एक तारासुद्धा काढलेला नव्हता तिथून.